फडणीस

फडणीस (फडणवीस) : मराठेशाहीतील हिशेबी दप्तराचा अधिकारी. शब्दाचा उत्तरार्ध फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. चिटणीस, सबनीस, पोतनीस, वाकनीस, कारखानीस ही सगळी त्याचीच भावंडे. पूर्वार्धाबद्दल दोन मते आहेत. एक मत तो ‘फर्द’ (सुटा कागद, यादी) या शब्दातून काढते. दुसरे मत मराठी ‘फड’, म्हणजे कचेरी, याकडे बोट दाखवते. पेशव्यांच्या हुजूर दप्तरातील (मध्यवर्ती कचेरीतील) मुख्य शाखेला फडच म्हणत, त्यामुळे मूळ काहीही असले तरी रोजच्या बोलण्यात दोन्ही अर्थ मिसळून गेले असावेत.

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत फडणीस नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव आणि वाकनीसाचा मंत्री झाला. या संस्कृत नामावळीत फडणिसाला जागा मिळाली नाही. तो दुय्यम दरकदारच (सरकारने नेमलेला अधिकारी) राहिला. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस हे आठ दरकदार मामलेदाराच्या, म्हणजे प्रांताचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हाताखाली असत. पण त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. त्याच्यावर सरकारची नजर राहावी, हाच या व्यवस्थेचा हेतू. फडणिसाने मंजूर झालेल्या कागदांवर तारीख घालायची, टिपणांवरून रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) तयार करायची, पैशांच्या थैल्यांना तारखेच्या चिठ्ठ्या लावायच्या, गावांच्या वार्षिक जमाबंदीवर (सारा ठरवल्याच्या कागदावर) तारीख टाकायची आणि वह्या हुजुरात नेऊन दाखवायच्या. काम कारकुनी दिसते खरे. पण तारखेत फेरफार करता येत नसेल, तर हिशेबातली लबाडीही अवघड होते.

पुण्यात याच पदाला वेगळे वजन आले. बाळाजी विश्वनाथांबरोबर आलेल्या श्रीवर्धनच्या भानू घराण्याकडे पेशव्यांची फडणिशी होती. या घराण्यातील बाळाजी महादजी १७१९ मध्ये दिल्लीत मारले गेले. बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना फडणीस (१७४२–१८००) हे त्यांचे नातू. १७७४ च्या बारभाई कारस्थानानंतर, सवाई माधवराव लहान असल्याने, राज्याचा कारभार हळूहळू नानांच्या हाती एकवटला. गंमत अशी की त्यांची ओळख अखेरपर्यंत हिशेबनीसाच्या पदानेच राहिली. महसूल, सरंजाम (सरदारांना फौजेसाठी नेमून दिलेले उत्पन्न), फौजेचा खर्च या सगळ्यांचे कागद ज्याच्या नजरेखालून जात, त्याला वेगळ्या किताबाची गरजही नव्हती. मेणवलीच्या वाड्यात जपलेले त्यांचे मोडी दप्तर पुढे इतिहाससंशोधकांच्या मोठ्या उपयोगी पडले.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हुजूर दप्तराची घडी विस्कटली आणि १८१८ मध्ये पेशवाईबरोबर तेथील फडणिशीही संपली. आडनाव मात्र टिकले. ‘फडणीस’ आणि ‘फडणवीस’ ही दोन्ही रूपे आज रूढ आहेत. अशी आडनावे हुद्द्यावरून पडलेली असल्याने त्यांच्यावरून कुळ किंवा मूळ गाव ठरवू नये; एकाच आडनावाच्या दोन घराण्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसू शकतो.