वाड्यातली 'कापलेली' रायफल: बेळगाव सीमाभागातल्या जुन्या शिकारी रायफलींची पार्श्वभूमी

२०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे राहू शकतील असे ठरले. वारसाने आलेली हत्यारेही या दोनांतच मोजायची होती. खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडच्या बऱ्याच जुन्या घरांत आजोबांची बारा बोअर, पीकरक्षणाची ठासणीची बंदूक आणि माळ्यावर तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक रायफल असा संसार असतो. कोणती ठेवायची हा प्रश्न आला की रायफल बाहेर पडते, कारण रानडुकराला हुसकावायला बारा बोअर बरी आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रायफलीला काम असे उरलेले नाही. मग ती विक्रेत्याकडे किंवा ओळखीतल्या परवानेवाल्याकडे येते आणि तिच्याबरोबर गोष्टही येते. 'इंग्लिश आहे, साहेबाची आहे, राजेसाहेबांनी दिलेली आहे' वगैरे.

गावात कुणी माजी सैनिक असेल तर तो बोल्टकडे, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याकडे, बघतो आणि सांगून टाकतो, 'ही आमची थ्री नॉट थ्री. पुढचं लाकूड कापलंय.' थ्री नॉट थ्री म्हणजे लष्कराची ली-एनफील्ड रायफल, नळीचे माप .३०३ इंच. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे, त्याच्या पंचक्रोशीत असे जाणकार गल्लोगल्ली भेटतात. त्यांची नजर चांगली असते, निष्कर्ष मात्र बऱ्याचदा चुकतो. तो का चुकतो हे समजले की या रायफलींचा निम्मा इतिहास हाती लागतो.

लष्करी रायफल कापून शिकारी करण्याची चाल परदेशात दोन महायुद्धांनंतर फोफावली. लाखो रायफली सैन्याला नकोशा झाल्या आणि स्वस्तात बाजारात आल्या. गिऱ्हाईक किंवा गावातला बंदूक कारागीर नळीच्या टोकापर्यंत जाणारे लाकूड अर्ध्यावर कापायचा. संगीन अडकवायचे लोखंडी नाक आणि नळीवरचे झाकण काढायचा, कधी नळीही आखूड करायचा आणि लांब पल्ल्याच्या लष्करी साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या, जागी साधी पानाची साइट बसवायचा. दुर्बीण लावायची असेल तर वरच्या धातूला भोके पडायची आणि बोल्टची दांडी खाली वाकवली जायची. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल आणि बी.एस.ए. या कारखान्यांनी हेच काम नीटनेटके करून विकले. बी.एस.ए.ने तर पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेत बनलेल्या पॅटर्न १४ रायफलींनाही शिकारी रूप दिले. जर्मन माउझर ९८ चीही तीच गत झाली.

हिंदुस्थानात मात्र गाडी वेगळ्या रुळावरून गेली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगायला परवाना लागू झाला. पुढे वायव्य सरहद्दीवर चोरट्या काडतुसांचा सुळसुळाट झाला, तेव्हा सरकारला वेगळीच धास्ती वाटू लागली: लष्कराच्या मापाचे हत्यार खाजगी हातात असले की लष्कराचा दारूगोळाही तिकडे वळणार. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीची काडतुसे .४५० मापाची, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते मापच खाजगी वापराला बंद झाले. वाघ-गव्याच्या शिकारीसाठी दुनळी रायफली विकणाऱ्या इंग्रज कंपन्यांची त्याने पंचाईत केली आणि त्यांनी .४७०, .४६५ अशी नवी मापे काढली. आज श्रीमंती शिकारीचे चिन्ह मानले जाणारे .४७० हे माप मुळात एका सरकारी बंदीतून आले.

.३०३ वरही हीच करडी नजर होती. त्यावर तोड निघाली .३१५ ची. हे ऑस्ट्रियाचे जुने ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतूस, लांबीला .३०३ पेक्षा कमी. त्याच्या पितळी टोपणाची, म्हणजे दारू भरायच्या नळकांड्याची, लांबी ५० मिलिमीटर, तर .३०३ च्या टोपणाची ५६. बी.एस.ए.ने आपल्या 'ली-स्पीड' या शिकारी रायफली या मापात इकडच्या बाजारासाठी काढल्या. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने याच मापाची शिकारी रायफल बनवली, तीही ली-एनफील्डच्याच घडणीवर. म्हणून बोल्ट तोच, मागे ओढल्यावर होणारा आवाज तोच, दस्त्याचा बाकही तसाच. पण ही रायफल कुणी कापलेली नाही. ती अर्ध्या लाकडाचीच जन्मली आहे. आपला माजी सैनिक फसतो तो इथे. माझ्या मते या भागात 'कापलेली थ्री नॉट थ्री' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या रायफलींत खरोखर कापलेली निघणे हाच अपवाद असतो.

अपवाद कुठून आले असतील, तेही पाहण्यासारखे आहे. बेळगावचा कॅन्टोन्मेंट, दांडेली-लोंढ्याचे जंगल आणि भोवती संस्थानांची दाटी. शहराला खेटून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते, म्हणजे बेळगावातून चालत दुसऱ्या राज्यात जाता येई. पलीकडे कोल्हापूर, सावंतवाडी, मुधोळ, रामदुर्ग. कोल्हापूरच्या दरबाराने शिकारी चित्तेसुद्धा पाळले होते, तिथे रायफलींची काय कथा! संस्थानिकांना ब्रिटिश मुलखातल्या शस्त्रनियमांचा जाच फारसा नव्हता आणि लंडनच्या बंदूकवाल्यांचे ते आवडते गिऱ्हाईक होते. १९४८-४९ मध्ये ही संस्थाने विलीन झाली आणि दरबारी हत्यारे सरदार, मानकरी, कारभारी यांच्या घरी पांगली. 'राजेसाहेबांची रायफल' या गोष्टीत तथ्य असू शकते ते एवढ्यामुळे. पण दरबाराचे चिन्ह धातूवर कोरलेले नसेल किंवा जुन्या परवान्यात नोंद नसेल, तर त्या गोष्टीला मी एक रुपयाही देणार नाही.

नोंदींचाही इथे वेगळाच गुंता आहे. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्या वर्षी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मागे राहून कोल्हापूरला जोडला गेला. त्यामुळे चंदगडच्या एखाद्या घरात बेळगावचा शिक्का असलेला परवाना निघाला तर दचकू नये. नंतरची पाने कन्नडमध्ये असतात. या सगळ्यात एक कागद लोक रद्दीत टाकतात, तो म्हणजे निवडणुकीच्या वेळी हत्यार पोलीस ठाण्यात जमा केल्याची पावती. तिच्यावर रायफलीचा नंबर आणि बोअर लिहिलेला असतो. अशा चार-पाच पावत्या म्हणजे रायफलीचा वंशवृक्षच.

आता धातूकडे. ली-एनफील्ड घराण्यात दस्ता जिथे लोखंडात बसतो त्या कडीच्या उजव्या बाजूला जन्मदाखला असतो: राजमुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि मॉडेल. ईशापूरच्या ब्रिटिशकालीन रायफलीवर राजा जॉर्जची 'जी.आर.आय.' ही आद्याक्षरे असतात, प्रजासत्ताकानंतरच्या मालावर मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आणि 'आर.एफ.आय.' (रायफल फॅक्टरी ईशापूर) येते. मुकुट आणि आद्याक्षरे असतील तर ती सैन्यासाठी बनली. नुसते बी.एस.ए.चे नाव आणि 'ली-स्पीड पेटंट्स' असेल तर ती शिकारी म्हणूनच कारखान्याबाहेर पडली. विलायती रायफलीच्या नळीच्या मुळाशी इंग्लंडच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळीची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, शिक्के आणि माप असते. मग बोल्टच्या दांडीवरचा नंबर अंगावरच्या नंबराशी जुळतो का ते पाहायचे. बोल्ट त्या त्या रायफलीला बसवलेला असतो, दुसरीचा घातला तर काडतूस मागे नीट टेकत नाही आणि टोपण फुटण्याची भीती राहते. माप ओळखण्यासाठी काडतूस घालून बघायचा उद्योग कुणी करू नये. परवानाधारक कारागीर चेंबरचा, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेचा, साचा घेऊन माप सांगतो.

माप पक्के होईपर्यंत किमतीची भाषाच करता येत नाही, याचे कारण १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम, आधी १९६२ चे आणि आता २०१६ चे. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरच्या बोल्ट रायफली, तसेच .४१० मस्केट, या प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात आणि त्यांचा परवाना केंद्र सरकारच्या हातात असतो. .३१५, .२७५, .३०-०६ यांचा परवाना जिल्हा पातळीवर मिळतो. एकाच घडणीच्या दोन रायफली, नळीच्या आत जेमतेम ०.३ मिलिमीटरचा फरक, आणि एक विकता येते तर दुसरी घरात असणेही अडचणीचे. परवान्यावर .३१५ आणि नळीवर .३०३ असा घोळ दिसला तर सौदा तिथेच थांबवावा. याच कायद्याच्या कलम ६ प्रमाणे नळी आखूड करायलाही परवाना लागतो आणि कलम ८ प्रमाणे नंबर नसलेले हत्यार विकता येत नाही. 'एवढी जुनी आहे, तिला कसला परवाना?' हे वाक्य गावोगाव ऐकू येते. सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला. माळ्यावरची माउझर शंभर वर्षांची असली तरी तेल दिल्यावर चालते, तेव्हा ती त्यात बसत नाही.

किमतीचे गणित परदेशातल्या पुस्तकांवरून मांडू नये. तिकडे अखंड लष्करी रायफल संग्राहकाला हवी असते, लाकूड कापले की भाव पडतो. भोके पडली तर आणखी पडतो, आणि रिग्बीसारख्या नामांकित बंदूकवाल्या घराण्याने ती नव्याने घडवली असेल तरच वर जातो. आपल्याकडे खाजगी माणसासाठी बंदुकांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाल्यामुळे जुन्या विलायती मालाला टंचाईचा भाव आहे. त्यातही .२७५ रिग्बी, म्हणजे दुसऱ्या नावाने ७ मिलिमीटर माउझरच, घेऊन ठेवली तरी तिची काडतुसे शोधत फिरावे लागते. ईशापूरच्या .३१५ ला नाव नाही, पण देशी काडतूस आहे.

आणि सगळ्यांत आधी नळी उजेडाकडे धरून बघावी. जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळीत राहतो आणि पाणी ओढतो. साध्या तेलाने तो जात नाही, गरम पाण्याने धुवावा लागतो. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात असे न धुतलेले दोन-चार हंगाम गेले की आतल्या खाचा खड्ड्यांनी भरतात. बाहेरून पॉलिश मारलेली, दस्त्यावर चांदीची पट्टी असलेली रायफलसुद्धा मग भिंतीवर टांगण्याच्याच लायकीची उरते, आणि टांगण्यासाठीही परवाना लागतो. सौदा ठरलाच, तर विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचे असते. घेणारा चंदगडचा आणि देणारा खानापूरचा असेल, तर परवाना कोणत्या राज्यापुरता आहे हेही त्या दिवसांतच तपासून घ्यावे.