दिल्ली पासिंगची जुनी लक्झरी एसयूव्ही महाराष्ट्रात नावावर करताना अर्ज कुठे अडतो

सत्तर लाखांची गाडी बावीस लाखांत मिळतेय म्हटल्यावर घरात सगळेच खूश असतात. सात-आठ वर्षांची मर्सिडीज जीएलई, ऑडी क्यू७, बीएमडब्ल्यू एक्स५, आणि तीही रोज ऑफिसला न्यायला. असे सौदे दिल्लीत जास्त होतात, त्याला कारण आहे. तिथे डिझेल गाडी १० वर्षांनी आणि पेट्रोल गाडी १५ वर्षांनी रस्त्यावरून उतरवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०१८ मध्ये कायम ठेवला. पुढे अंमलबजावणीत बदल होत गेले, पण मुदत जवळ आली की मालकाला गाडी विकायची घाई होते ती होतेच.

गाडी चांगली निघते. अडतात ते कागद. गेल्या काही वर्षांत नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या पाच-सहा फाइली घेऊन मी आरटीओच्या खिडकीवर उभा राहिलो आहे. त्यातली एकही पहिल्या फेरीत पास झाली नाही. म्हणून नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो आणि जिथे माणसं अडकतात तिथे थांबतो.

सगळ्यात आधी मुदतीचा गैरसमज. "दुसऱ्या राज्यातली गाडी एक वर्ष तशीच चालवता येते," हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ऐकवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्ये १२ महिन्यांचा उल्लेख आहे, पण तो आपलीच गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवणाऱ्यासाठी. नोकरीनिमित्त दिल्लीहून पुण्याला आलात आणि गाडी तुमच्याच नावावर आहे, तर ते कलम तुमचं. तुम्ही गाडी विकत घेतली असेल तर कलम ५० लागतं, आणि त्यात घेणाऱ्याला मुदत आहे ३० दिवसांची. त्याच कलमात ४५ दिवसांचाही आकडा आहे. ती मुदत विकणाऱ्याची, गाडी राज्याबाहेर नोंदलेली असेल तेव्हाची. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याला १४ दिवस. लोक यातला सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवतात आणि मग दंड भरतात.

एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या आरटीओकडे न्यायला हरकत नसल्याचं प्रमाणपत्र (फॉर्म २८), ही विकणाऱ्याने त्याच्या आरटीओकडून घ्यायची असते. त्यावर गाडी कोणत्या आरटीओकडे चालली आहे ते लिहावं लागतं, आणि चूक नेमकी इथे होते. दिल्लीच्या एजंटला "पुणे" सांगितलं की तो एमएच १२, म्हणजे पुणे शहराचा आरटीओ, निवडून मोकळा होतो. तुम्ही राहता चिंचवडला, म्हणजे तुमचा आरटीओ एमएच १४. बारामतीकडचे असाल तर एमएच ४२. मुंबईतही ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली असे वेगवेगळे आरटीओ आहेत. पत्ता एका कार्यालयाच्या हद्दीत आणि एनओसी दुसऱ्याच्या नावाची, तर फाइल परत. ती दुरुस्ती दिल्लीतच होते, आणि पूर्ण पैसे मिळालेला विकणारा तोवर फोन उचलेनासा होतो. तेव्हा आधारवरचा पिनकोड कोणत्या आरटीओच्या हद्दीत येतो ते स्वतः पाहा आणि विकणाऱ्याला आरटीओचा क्रमांक लिहून पाठवा. तोंडी सांगू नका.

कायदा असंही म्हणतो की ३० दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी मिळाली असं समजावं. तरतूद चांगली आहे. पण आपल्याकडच्या खिडकीवर ती दाखवून काम झालेलं मी पाहिलेलं नाही. संगणकावर एनओसी दिसली तरच पुढचं पान उघडतं. नागरिकासाठी केलेली तरतूद नागरिकालाच वापरता येत नसेल तर ती बदला किंवा पाळा, एवढंच म्हणणं आहे.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: गाडीचं मूळ बिल. महाराष्ट्रात बाहेरच्या गाडीचा रोड टॅक्स ठरतो तो गाडीच्या मूळ किमतीवर. वयाप्रमाणे त्यात घट मिळते, पण तुम्ही काय भावाने घेतली याच्याशी त्याचा संबंध नाही. हे न कळल्यामुळे बजेट कोसळतं. समजा, गाडीचं मूळ बिल ७० लाखांचं आहे. २० लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला आपल्याकडे १५ टक्के टॅक्स आहे. वयामुळे तो निम्म्यावर आला असं धरलं तरी सव्वापाच लाख होतात. बावीस लाखांची गाडी घेणाऱ्याच्या डोक्यात हा आकडा दीड लाखाच्या पुढे नसतो. कंपनीच्या नावावर गाडी घेणार असाल तर दर आणखी चढा असतो. म्हणून टोकन देण्याआधी टॅक्सचा अंदाज काढा.

आणि बिल मागा, टोकन देण्याच्या दिवशीच. तिसऱ्या मालकाकडून गाडी घेत असाल तर त्याच्याकडे ते बहुधा नसतंच. अशा वेळी मूळ विक्री करणाऱ्या शोरूमकडून चेसिस नंबर देऊन बिलाची प्रत काढता येते. पण ती विनंती नोंदणीकृत मालकाने ई-मेलने केली तर लवकर मिळते. तुम्ही परका माणूस म्हणून केली तर आठवडे जातात.

बिलाचा दुसरा उपयोग मावसभावाच्या फाइलमध्ये कळला. त्याची क्यू७ छत्रपती संभाजीनगरजवळच्या आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली, तरी जुन्या नोंदीत "आयात" असा शेरा पडलेला. आयात गाडीला टॅक्स जास्त. खिडकीवरच्या बाईंनी नोंद दाखवली आणि त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच होतं. आम्ही मूळ बिल आणि उत्पादकाचा फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) जोडून अर्ज केला, तेव्हा तिसऱ्या खेपेला तो शेरा निघाला. मर्सिडीज चाकणला, बीएमडब्ल्यू चेन्नईला, व्होल्वो बंगळुरूजवळ जोडली जाते. सगळीच मॉडेलं इथे जोडली जात नाहीत, तेव्हा आपली गाडी कोणत्या प्रकारात आहे ते आरसीच्या नोंदीत आधीच पाहून ठेवा. खरोखर आयात झालेली असेल तर सीमाशुल्काचे कागदही विकणाऱ्याकडून घ्या.

यातल्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या नावावर असतात. मग फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जांवर, संचालकाची सही आणि शिक्का लागतो, सोबत बोर्डाचा ठराव लागतो. ठरावात ज्याचं नाव आहे त्याचीच सही प्रत्येक फॉर्मवर हवी. अकाउंटंटने "मी करतो ना" म्हणून केलेली सही चालत नाही. कंपनी बंद होऊन निबंधकाच्या यादीतून नाव निघालं असेल तर सही करणारं कायदेशीर कुणी उरतच नाही. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या, हे कळकळीने सांगतो.

ओटीपीचंही तसंच. तो सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर गाडीच्या नोंदीत असलेल्या मोबाइलवर जातो. एका एक्स५ च्या नोंदीत गाडी नवी घेतली तेव्हाच्या ड्रायव्हरचा नंबर होता. तो माणूस नोकरी सोडून गावी गेलेला, नंबर बंद. विकणाऱ्याने आधी नंबर बदलून घेतला, मग एनओसीचा अर्ज सुरू झाला. यात एकवीस दिवस गेले. गाडी पाहायला जाल तेव्हाच विकणाऱ्याला समोर एक ओटीपी मागवायला सांगा. दोन मिनिटांत कळतं.

कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवण्याचा अर्ज) लागतो. "कर्ज फेडलंय" आणि "बोजा उतरलाय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरसीवर बँकेचं नाव आहे तोवर गाडी मोकळी नाही. बँकेच्या पत्रावर मुदत छापलेली असते, बहुधा तीन महिन्यांची. लोक ते पत्र वर्षभर कपाटात ठेवतात आणि विकताना काढतात. बोजा दिल्लीतच उतरवून घ्या, एनओसीच्या आधी.

बाकीच्या पायऱ्या सरळ आहेत. गाडी चोरीची नसल्याचा एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) अहवाल, चालू पीयूसी, विमा, पॅन, पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरारच लागतो, नोटरीचा कागद बऱ्याच ठिकाणी नाकारतात. नव्या नोंदणी क्रमांकासाठी फॉर्म २७. थकलेली ई-चलनं आधी भरा, नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटचाही प्रश्न येतो. एमएच क्रमांक मिळाल्यावर ती नव्याने बसवावी लागतेच. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेत असाल तर त्याचं अधिकृततेचं प्रमाणपत्र पाहा. १ एप्रिल २०२३ पासून त्यांना आरटीओकडून ते घ्यावं लागतं.

चेसिस प्रिंटवर, म्हणजे गाडीवर कोरलेल्या चेसिस नंबरच्या ठशावर, मात्र थांबायला हवं. साध्या गाडीत बॉनेट उघडलं की नंबर दिसतो. या गाड्यांत तो भलतीकडेच असतो. एका जीएलईत आम्हाला तो उजव्या पुढच्या सीटजवळ, गालिच्याला कापलेल्या एका छोट्या झाकणाखाली सापडला. वर्षानुवर्षांची माती बसलेली. ओल्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं, पारदर्शक चिकटपट्टीखाली पेन्सिल घासली, तेव्हा चौथ्या प्रयत्नात सतराही अक्षरं उठली. निरीक्षकासमोर उन्हात हे करत बसायला लागू नये म्हणून घरीच दोन-तीन ठसे काढून ठेवा.

त्या सतरा अक्षरांबद्दल एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. चेसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. म्हणजे गोल दिसलं तर ते शून्यच, आणि उभी रेघ म्हणजे एकच. अर्जात शून्याच्या जागी ओ पडला म्हणून परत आलेली फाइल मी डोळ्यांनी पाहिली आहे. इंजिन नंबरला हा नियम लावू नका, तो आरसीवर आहे तसाच उतरवा.

आता विमा, कारण गाडी रोज रस्त्यावर जाणार आहे. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा. फॉर्म २९-३० च्या प्रती आणि एनओसी जोडता येते, आरसी येईपर्यंत थांबू नका. तिसऱ्या पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप येत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचा, तो त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरक भरावा लागतो. तो भरा. या गाड्यांचा एक हेडलाइट लाखाच्या घरात जातो, आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असताना केलेला क्लेम नाकारला गेला की दाद मागायला फारसं काही उरत नाही. जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा, तोवर तुमचा निघणार नाही.

विकणाऱ्यालाही हे वाचायला द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट केलं की अपघात झाला तर कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे, गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. तुमच्या फाइलसाठी सह्या द्यायला, ओटीपी सांगायला दिल्लीचा माणूस कंटाळा करू लागला की त्याला एवढंच सांगा. मावसभावाच्या वेळी याच वाक्यावर समोरच्याने दुसऱ्या दिवशी कुरिअर केलं. तरीही ठरलेल्या रकमेतला काही हिस्सा एनओसी पोर्टलवर दिसेपर्यंत मागे ठेवायचा, आणि हे सौदापत्रात लिहून घ्यायचं, तारखेसह.