औषध खाऊन टाकणारे जंतू

परवा नौपाड्यात एका मेडिकलमध्ये उभी होते. शेजारी बावीस-तेवीसची एक मुलगी, हळूच 'ते वॉश द्या' म्हणाली, दुकानदाराने गुलाबी लेबलची बाटली आधी कागदात गुंडाळली मग वर काळी पिशवी. बाहेर आल्यावर मी न राहवून विचारलं, डॉक्टरांनी सांगितलंय का गं? तर म्हणे नाही ताई, अंगावरून पांढरं जातं, वास येतो, म्हणून रोज आतून धुते. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, कारण या आतून धुण्याचा धागा थेट एचआयव्हीपर्यंत जातो.

दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधक कुरैशा अब्दुल करीम यांना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं की तिथे कोवळ्या वयाच्या मुलींना एचआयव्ही त्याच वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतोय. नवऱ्याला किंवा मित्राला कंडोम वापर म्हणायची सोय बायकांना नसते, हे काय आपल्याला सांगायला हवं? मग बाईच्या स्वतःच्या हातात राहील असं काहीतरी हवं, म्हणून त्यांनी आणि त्यांचे पती सलीम यांनी टेनोफोविर या एचआयव्हीविरोधी औषधाचं योनीत लावायचं जेल तपासलं. ८८९ बायका, संबंधाच्या आधीच्या १२ तासांत एकदा आणि नंतरच्या १२ तासांत एकदा. २०१० मध्ये निकाल आला, लागण ३९ टक्क्यांनी कमी! पण पुढच्या मोठ्या चाचण्यांत जेल टिकलं नाही, बऱ्याच जणी ते नियमित लावतच नव्हत्या हे एक कारण. दुसरं कारण कळायला २०१७ उजाडलं आणि तेच मला सगळ्यात भारी वाटतं.

निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस असतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद म्हणा (म्हणून कुणी दही लावायला जाऊ नका, दह्यातले वेगळे). इस्ट्रोजेनमुळे तिथल्या पेशींत ग्लायकोजेन साठतं, ते फुटून साखर होते, हे जंतू ती खाऊन लॅक्टिक अ‍ॅसिड करतात आणि पीएच साडेचारच्या खाली राहतो. अशा आंबटात बाकीचे जंतू फारसे वाढत नाहीत. हे गेले की गार्डनेरेला वगैरे मंडळी घुसतात. कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये काम करायचे तेव्हा स्लाइडवर हा फरक लगेच दिसायचा, एकीकडे लांब जांभळ्या काड्या, दुसरीकडे पेशीच्या कडेपर्यंत बारीक जंतू असे चिकटलेले की कडच दिसत नाही, जणू पेशीवर रवा भुरभुरलाय. तिला क्लू सेल म्हणतात. माशासारखा वास येतो तो याच अवस्थेत.

आता टेनोफोविर. डीएनएच्या साखळीतली अ‍ॅडेनिनवाली जी कडी असते, तिची ही नक्कल. एचआयव्ही आपल्या पेशीत शिरून डीएनए विणायला लागला की चुकून ही नकली कडी ओवतो, आणि हिला पुढची कडी अडकवायला हूकच नसतो, विणकाम तिथेच थांबतं. पण त्यासाठी औषध आधी पेशीच्या आत पोचायला हवं ना. गार्डनेरेला बाहेरच ते तोडतो, त्याचं साधं अ‍ॅडेनिन करून टाकतो! जेलच्या त्या पहिल्या चाचणीतल्या ६८८ बायकांचे नमुने तपासले तर लॅक्टोबॅसिलस भरपूर असलेल्यांना ६१ टक्के संरक्षण आणि नसलेल्यांना फक्त १८. याच औषधाच्या तोंडाने घ्यायच्या गोळीत मात्र असा फरक दिसला नाही.

आणि औषध बाजूला ठेवलं तरी गार्डनेरेलासारखे जंतू वाढले की तिथे सूज येते, सूज आली की एचआयव्हीला हव्या असतात त्याच सीडी४ पेशी (आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) गोळा होतात, म्हणजे लागणीचा धोका तसाही वाढतोच. आतून धुतल्याने लॅक्टोबॅसिलसच वाहून जातात. जाहिरातवाले त्यालाच 'ताजेपणा' म्हणतात, आणि घरात पांढरं जाण्याला म्हणतात उष्णता, अशक्तपणा, नाहीतर बाहेरची बाधा. अहो बाधा कसली, थोडं पांढरं जाणं तर नॉर्मलच असतं, आणि वास, खाज असेल तर तपासून गोळ्यांचा साधा कोर्स असतो.

२०२४ मध्ये करीम दांपत्याला लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एचआयव्ही रोखणाऱ्या लेनाकापाविर या औषधाचा निकाल आला, सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन, दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २१३४ मुली-बायकांत एकीलाही लागण नाही. ते पोटाच्या कातडीखाली देतात, नवऱ्याला कळायचंही कारण नाही.

त्या मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा म्हटलं. ती म्हणाली, लग्न नाही झालेलं ताई, तिकडे कशी जाऊ?