केळीचं खोकं आणि फिनलंडचा कागद

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावद्याकडे आखातात जाणारी केळी तेरा किलोच्या खोक्यात भरतात. बाजूला हवेसाठी भोकं, आत प्लास्टिकची पिशवी. 2020 च्या अखेरीस खोक्यांचे भाव चढायला लागले. केळीवाले खोकेवाल्यांवर चिडले, खोकेवाल्यांनी कागद गिरण्यांकडे बोट दाखवलं. सूत्रं मात्र चीनमधून हलत होती.

फिनलंड आणि भारत यांच्या कागद-पुठ्ठा निर्यातीचे आलेख शेजारी ठेवले, की 2010 नंतर एक उतरताना आणि दुसरा चढताना दिसतो. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

रशियाच्या अमलात फिनलंडचा कागद मुख्यतः रशियालाच जाई. 1917 मध्ये क्रांती झाली, देश स्वतंत्र झाला आणि हक्काचं गिऱ्हाईक गेलं. 1918 मध्ये गिरण्यांनी ‘फिनपॅप’ ही सामाईक विक्रीसंस्था काढली आणि मोर्चा पश्चिमेकडे वळवला. आपसात भाव पाडायचे नाहीत, ही व्यवस्था पाऊणशे वर्षं टिकली. (आपल्याकडच्या केळी उत्पादकांनी हे ऐकावं.) 1995 मध्ये देश युरोपीय संघात गेला, तिथल्या स्पर्धेच्या नियमांत ती बसेना, म्हणून मोडली. 2007 च्या सुमारास तिथे वर्षाला 1.4 कोटी टन कागद-पुठ्ठा निघत होता आणि त्यातला बहुतेक परदेशी जात होता. मग लोक बातम्या फोनवर वाचू लागले. 2020 मध्ये कैपोलाची गिरणी बंद पडली आणि वृत्तपत्री कागद काढणारी शेवटची फिनिश गिरणी गेली. त्याच सुमारास ओउलूच्या गिरणीनं छपाईचा कागद सोडून खोक्यांचा कागद धरला.

आपली सुरुवात तुटवड्यातून झाली. एरंडोलचा हातकागद एकेकाळी नावाजलेला, पण तो गिरणीपुढे कसा टिकणार? भुसावळ-खंडवा मार्गावर, जुन्या खानदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ, नेपानगरची गिरणी उभी राहिली. 1956 मध्ये नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. सलई आणि बांबूपासून वृत्तपत्री कागद काढून आयात कमी करायची, एवढाच हेतू होता.

लाकूड कमी म्हणून आपल्या बऱ्याच गिरण्या रद्दीवर चालतात, आणि त्यातली पुष्कळ रद्दी अमेरिका-युरोपातून येते. चीनही तीच रद्दी घ्यायचा. 2018 पासून त्यानं निकष कडक केले आणि 1 जानेवारी 2021 पासून आयात बंदच केली. तिथल्या खोके उद्योगाची भूक मात्र तेवढीच राहिली. मग परदेशी रद्दी भारतात उतरू लागली, इथे तिची क्राफ्ट कागदाची, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी कागदाची, रिळं झाली आणि ती चीनला निघाली. 2016-17 मध्ये भारताची कागद-पुठ्ठा निर्यात साडेसहा लाख टनांच्या आसपास होती, ती 2021-22 मध्ये साडेअठ्ठावीस लाख टनांवर, सुमारे 14 हजार कोटी रुपयांवर गेली. खोके कारखानदारांच्या संघटना निर्यात रोखा म्हणून सरकारच्या मागे लागल्या होत्या, ते याच काळात.

आकडे वाचताना टन आणि रुपये यांची गल्लत करू नये. ताज्या लाकडाच्या लगद्याचा गुळगुळीत फिनिश पुठ्ठा आणि रद्दीचं आपलं क्राफ्ट यांचा टनाचा भाव एक नसतो. शिवाय कागद आणि पुठ्ठा जकातीच्या यादीतल्या 48 व्या प्रकरणात मोजतात, पण त्यात रिकामं खोकं येतं. केळी भरून न्हावाशेव्याला पोचलेलं रावेरचं खोकं कागदपत्रांत केळी म्हणूनच जातं.