आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशी

सजीवांच्या पेशींचे हे दोन मूलभूत प्रकार. दृश्यकेंद्रकी पेशीत डीएनए दुहेरी पटलाच्या केंद्रकात असतो. आदिकेंद्रकी पेशीत तो पेशीद्रव्यातच, केंद्रकाभ नावाच्या भागात गुंडाळलेला असतो. जीवाणू व आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) आदिकेंद्रकी, तर वनस्पती, प्राणी, कवके आणि अमीबासारखे आदिजीव दृश्यकेंद्रकी.

हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली विटांसारख्या पेशी दिसतात आणि प्रत्येकीत एक पिवळसर तपकिरी गोल ठिपका, म्हणजेच केंद्रक. दह्याचा पातळ थर काचपट्टीवर रंगवून मोठ्या भिंगाखाली पाहिला, तर नुसत्या काड्या आणि मण्यांच्या माळा दिसतात. आत वेगळे काही उठून दिसत नाही.

आदिकेंद्रकी पेशी बहुधा १ ते ५ मायक्रोमीटरची असते. मात्र आकार ही पक्की खूण नव्हे: २०२२ साली वर्णन झालेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू सुमारे १ सेंटिमीटर लांब असतो, साध्या डोळ्यांना दिसतो.

केंद्रक नसल्याचा परिणाम कामाच्या पद्धतीवर होतो. जीवाणूत आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली नक्कल, तयार होत असतानाच रायबोसोम हे प्रथिने घडवणारे कण त्याला चिकटून प्रथिन बनवू लागतात. दृश्यकेंद्रकी पेशीत आरएनएवर आधी केंद्रकात संस्कार होतात, मग तो बाहेर येतो. तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या), गॉल्जी पिंड, आंतर्द्रव्यजालिका ही अंगकेही याच पेशींत आढळतात.

वैद्यकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा फरक रायबोसोमचा आहे. जीवाणूंचे रायबोसोम ७०एस, आपल्या पेशीद्रव्यातले ८०एस (एस हे कण द्रवात किती वेगाने तळाला बसतात याचे माप). क्षयावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक, १९४३ साली वेगळे केलेले स्ट्रेप्टोमायसिन, जीवाणूच्या रायबोसोमला जखडते. आपल्या पेशीद्रव्यातले रायबोसोम बरेचसे वाचतात. पण तंतुकणिकांचे रायबोसोम जीवाणूंच्या वळणाचे असतात. तंतुकणिका मुळात दुसऱ्या पेशीत वस्तीला आलेल्या जीवाणूंपासून झाल्या, हा विचार अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये नेटाने मांडला. आज तो सर्वमान्य आहे. तंतुकणिकांच्या डीएनएत विशिष्ट बदल असलेल्या माणसांमध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातल्या औषधांनी बहिरेपणा येण्याचा धोका वाढतो, तो या जुन्या नात्यामुळेच.