रुग्णाची माहिती आणि ‘गोपनीयता’ या शब्दाचा गुंता

रुग्णांच्या डिजिटल नोंदींची चर्चा मराठीत ‘गोपनीयता’ या शब्दापाशी येऊन अडखळते. कॉन्फिडेन्शिॲलिटीला आपण गोपनीयता म्हणतो आणि प्रायव्हसीलाही. पहिले कर्तव्य आहे: मला कळलेले मी बाहेर बोलणार नाही. दुसरा हक्क आहे: माझ्याबद्दल कुणाला काय आणि किती कळावे, हे मी ठरवणार. कर्तव्य परिचारिकेचे, हक्क रुग्णाचा. कर्तव्य चोख पाळूनही हक्क मोडता येतो. सिस्टर कुणालाच काही सांगत नाही, पण रुग्णाला न विचारता त्याची माहिती संगणकात भरते. तिथून ती कुठे जाते हे दोघांनाही ठाऊक नसते.

परिचर्येत मुरलेला अर्थ पहिला. दीपप्रज्वलनाच्या वेळी आपल्याकडच्या विद्यार्थिनी जी शपथ घेतात, ती 1893 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला लिहिली गेली. सोपवलेल्या खाजगी बाबी आणि कामाच्या ओघात कळलेल्या घरातल्या गोष्टी स्वतःपाशी ठेवीन, असे तिच्यात वचन आहे. केसपेपर कपाटात आणि बाकी सारे सिस्टरच्या डोक्यात, अशा काळाला ते पुरेसे होते.

न्यायालयात हा प्रश्न एचआयव्हीच्या निमित्ताने गेला. रुग्णालयाने रक्तदात्याच्या तपासणीचा निकाल बाहेर जाऊ दिला, त्याचे ठरलेले लग्न मोडले. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाच्या बाजूने कौल दिला: नियोजित वधूच्या जिवाचा हक्क मोठा. त्या निकालाची सावली वॉर्डांवर बराच काळ राहिली. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने मात्र संमतीशिवाय माहिती उघड करण्याला मनाई केली, अपवाद मोजके ठेवले आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या आस्थापनांवर त्या सुरक्षित ठेवण्याची सक्ती केली. त्याच वर्षी 24 ऑगस्टला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

आरोग्याच्या माहितीला वेगळे, जास्त संरक्षण हवे का, या वादाचा खरा निर्णय त्यानंतरचा आहे. 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ गटात होत्या. 2018 मध्ये केवळ आरोग्यविदेसाठी, म्हणजे आरोग्याच्या डेटासाठी, स्वतंत्र कायद्याचा मसुदा आला. त्यात विदेची मालकी रुग्णाची, असे स्वच्छ लिहिले होते. तो मसुदा पुढे सरकलाच नाही. सर्वसाधारण विदा कायदा येतोय, वेगळा कशाला, असा युक्तिवाद झाला. 2019 च्या विधेयकात आरोग्याची माहिती संवेदनशील होती. ऑगस्ट 2023 मध्ये झालेल्या सर्वसाधारण विदा कायद्यातून तो गटच गायब झाला. मोबाइल क्रमांक आणि गर्भपाताची नोंद एकाच मापाने मोजली जाऊ लागली. कायदा सुटसुटीत ठेवण्यासाठी हे केले, असे समर्थन दिले जाते. ज्याने वॉर्डातल्या नोंदी जवळून पाहिल्या आहेत, त्याला हे समर्थन पटणे कठीण आहे.

मधल्या काळात यंत्रणा कायद्याची वाट पाहत थांबली नव्हती. गावोगावच्या एएनएम, म्हणजे उपकेंद्रावर काम करणाऱ्या साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, सिस्टरांच्या हाती रजिस्टरांच्या जोडीला टॅब्लेट आले. गरोदर बाईचे नाव, पाळीची तारीख, आधीची बाळंतपणे हे सारे तिच्या ओसरीवर बसून ॲपमध्ये भरले जाऊ लागले. 2020 च्या स्वातंत्र्यदिनी आरोग्य ओळखक्रमांकाची घोषणा झाली आणि 27 सप्टेंबर 2021 ला तो देशभर लागू झाला. आज ‘आभा’ म्हणून ओळखला जाणारा हा चौदा आकडी क्रमांक कागदावर ऐच्छिक आहे. पण कोविड लसीकरणात आधार दाखवणाऱ्या अनेकांचे क्रमांक त्यांना नीट न विचारताच तयार झाले. टेबलापलीकडच्या कर्मचाऱ्यांना दिवसभराची रांग संपवायची होती. समजावून सांगायला वेळ कुणी दिलाच नव्हता. संमतीचा प्रश्न बहुतेक वेळा असा मनुष्यबळाचा असतो, हे धोरणाच्या कागदांत दिसत नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीतल्या एम्स या सर्वांत नावाजलेल्या सरकारी रुग्णालयाचे सर्व्हर खंडणीखोर सायबर हल्ल्याने बंद पडले. अनेक दिवस नोंदी पुन्हा हाताने लिहाव्या लागल्या. इथे कुणा सिस्टरचे तोंड सुटले नव्हते. शपथेतल्या गोपनीयतेचा अशा हल्ल्यावर काही इलाजच नाही.

2023 च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. जबाबदारी संस्थेवर आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटींपर्यंत दंड. मात्र निष्काळजीपणामुळे माहिती फुटल्यास बाधित व्यक्तीला भरपाई मागू देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले जुने कलम 43अ याच 2023 च्या कायद्याने वगळण्याचे ठरवले आहे. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होईल. ज्याची नोंद फुटली, त्या रुग्णाच्या वाट्याला त्यातले काही येत नाही.