अँटेनाचे मॉडेल करून घेताना केबलची वाटही कळवा

मॉडेलसाठी (अँटेनाच्या संगणकावरच्या प्रतिकृतीसाठी) विचारणा करताना बहुतेक ग्राहक तारांची लांबी, जमिनीपासूनची उंची आणि फ्रिक्वेन्सी व्यवस्थित कळवतात. केबलबद्दल मात्र ‘५० ओहमची कोॲक्स’ (मधल्या तारेभोवती धातूची जाळी असलेली केबल) एवढेच. तेवढ्यावर आम्ही काम हाती घेत नाही.

आम्ही वापरतो ते सॉफ्टवेअर एनईसी-२ या १९८१ सालच्या प्रणालीवर चालते. ती तारेचे लहान तुकडे करते (अर्ध्या तरंगलांबीला निदान १० तरी) आणि प्रत्येक तुकड्यातला प्रवाह काढते. फीडलाइनसाठी, म्हणजे रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या केबलसाठी, तिच्यात तयार घटक आहे, पण तो आदर्श लाइनचा: त्यात क्षय (वाटेत वाया जाणारी शक्ती) नाही, बाहेर लहरी फेकणे नाही. खरी कोॲक्स इतकी गुणी नसते. जाळीच्या आतल्या बाजूने एक प्रवाह जातो, तर बाहेरच्या बाजूने दुसराच वाहू शकतो. बाहेरचा प्रवाह म्हणजे अँटेनाला फुटलेली आणखी एक तार. म्हणून आम्ही ती मॉडेलमध्ये वेगळी तार म्हणूनच काढतो.

इथे लांबीचा हिशोबही दोन प्रकारे करावा लागतो. १४ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी सुमारे १०.७ मीटर. भरीव पॉलिथिलीनच्या कोॲक्समध्ये आतल्या लहरीचा वेग प्रकाशाच्या ०.६६ पट, त्यामुळे आत तीच अर्धी लांबी ७.१ मीटरमध्ये भरते. बाहेरच्या बाजूला हा आकडा लागू नाही. डायपोलपासून (मधोमध केबल जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनापासून) अर्थिंगपर्यंतची वाट १०.७ मीटरच्या आसपास निघाली, तर बाहेरच्या प्रवाहाला मोकळे रान मिळते. मग चोक (हा बाहेरचा प्रवाह अडवणारा भाग) कुठे बसवायचा, हे मॉडेलमध्ये जागा बदलून पाहता येते.

तेव्हा केबलचा प्रकार, पूर्ण लांबी, ती कुठून कशी उतरते, अर्थिंग कुठे जोडले आहे आणि चोक असल्यास कुठे, हे कळवा. हाताने काढलेली आकृती चालेल.

अहवालात एसडब्ल्यूआर (केबलमधून किती शक्ती उलटी परतते याचे माप; १ च्या जितका जवळ तितका चांगला) दोन ठिकाणचा असतो, अँटेनापाशी आणि रेडिओपाशी. रेडिओपाशी आकडा चांगला दिसला म्हणून खूश होऊ नका; परतणारी लहर केबलमध्येच क्षीण होते. केबलचा क्षय ३ डेसिबल असेल, तर वरचे टोक तुटून मोकळे पडले तरी रेडिओकडे एसडब्ल्यूआर ३ च्या आसपासच दिसेल!

जमिनीत पुरलेल्या तारा एनईसी-२ ला जमत नाहीत. तशी रचना असेल तर आधी बोलून घ्या. केबल अजून घेतली नसेल, तर फक्त वाट आखून पाठवा. लांबी आम्ही सुचवू.